पोस्टाच्या तिकिटावर अख्खी बिल्डिंग

“…कव्हरवर आपल्या बिल्डिंगमधलं एकच माणूस ठेवते, बाकी सगळ्यांना काढते. आणि ते एक म्हणजे…”

नेमका तेव्हाच पाण्याचा पंप सुरू झाला! घर्रर्रर्र! पुढचं सगळं पाण्यात गेलं.

मी गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेलेले. टाकीच्या पलीकडे दुसऱ्या मजल्यावरची सायली फोनवर बोलत होती. मुद्दाम ऐकायला गेलेले नाही हं, पण कान काय घरी ठेवून जायचे? आणि अर्ध्यावर तुटलेली बातमी म्हणजे दातात अडकलेलं सुपारीचं खांड. जीभ सारखी तिथेच जाते. तिथून पुढे मी जो घोळ घातला तो ऐका, आणि मग मला शहाणी म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आधी सायलीचं सांगते. सावंतांची मुलगी. चांगली एसीतली नोकरी सोडून दोन वर्षं घरात बसून व्हिडिओ गेम बनवत होती, ती आणि तिचा डोंबिवलीचा मित्र रोहन. मारामारीचा नाही. सिम्युलेशन म्हणतात त्याला, म्हणजे खऱ्यासारखा कारभार कॉम्प्युटरवर चालवायचा. आणि हिच्या गेममध्ये काय चालवायचं? आमच्या कोपरीतल्यासारखी हाउसिंग सोसायटी! पाणी किती वाजता सोडायचं, कोणाची स्कूटर कोणाच्या जागेत, वॉचमन जागा आहे का झोपलाय, सगळं. मी म्हटलं, “अगं, हे तर आम्ही फुकटात करतो. विकत कोण घेणार?”

ती हसली. तिचे बाबा हसले नाहीत. सावंतांनी तिला बजावलेलं, “गेम एकदाचा दुकानात लाव. कोणी बघितला तर ठीक, नाहीतर जूनपासून मुकाट्याने नोकरी.”

दुकान म्हणजे इंटरनेटवरचं. तिथे ढिगाने गेम असतात आणि प्रत्येकाचं एक चित्र असतं, तेच कव्हर. चित्र आवडलं तर माणूस बोट टेकवून आत जातो, नाहीतर अंगठ्याने वर ढकलून पुढे. म्हणजे पोरीची दोन वर्षं त्या एका चित्रावर टांगलेली!

आणि त्या चित्रात आमच्यातलं एकच माणूस? कोण?

मी खाली येऊन फक्त शिर्केवहिनींना सांगितलं. शपथेवर, फक्त त्यांना! संध्याकाळी आमचे सेक्रेटरी दळवी दारात हजर. केस ताजे काळे केलेले. कानामागे डाग तसाच.

“मंदाताई, तशी मला हौस नाही हो. पण सोसायटी म्हटली की सेक्रेटरी आलाच ना चित्रात?”

मागून शिर्केवहिनी फणकारल्या, “तुम्हीच का? गणपतीचं डेकोरेशन कोण करतं दरवर्षी?”

“टाकी मी भरली नाही तर गणपती बुडवाल कशात, वहिनी?”

झालं! जिन्यात ही गर्दी. कोणी म्हणतंय आम्ही सगळ्यात जुने, कोणी म्हणतंय आमचा मेंटेनन्स कधी चुकला नाही. माझं डोकं भणभणायला लागलं. आणि अशा वेळी गप्प बसावं की नाही माणसाने? पण नाही! मीच ओरडले, “भांडू नका! सगळे येतील कव्हरवर! मी बोलते सायलीशी!”

आता यात माझं काय चुकलं सांगा. कळव्याच्या माझ्या भाच्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलेला, त्याच्यावर बेचाळीस तोंडं होती. भाचा मोठा मध्ये, बाकी शुभेच्छुक गोल गोल, पुरीसारखे तळून मांडलेले. एकाला वगळलं असतं तर त्याने रात्रीत फ्लेक्स फाडला असता. फोटो म्हटला की सगळ्यांचा, ही आपली रीत!

मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘कव्हरसाठी फोटो पाठवा.’ बाई बाई बाई! कोणी लग्नातला पाठवला, कोणी महाबळेश्वरला गॉगल लावलेला. तळमजल्यावरच्या सूनबाईंनी सासऱ्यांचा पाठवला, हारासकट. “ते पहिल्या कमिटीत होते,” म्हणे.

ते सगळं बाड घेऊन मी सायलीकडे गेले. मागे दळवी आणि शिर्केवहिनी.

सायलीने कपाळाला हात लावला. “काकू, हे फ्लेक्स नाहीये! चौकात नाही लागणार, मोबाइलवर दिसणार. पोस्टाच्या तिकिटाएवढं! एवढ्याशा चित्रात एकच गोष्ट ठसठशीत पाहिजे, आणि गेमचं नाव वाचता आलं पाहिजे.”

“नाव बारीक टाक ना खाली. माणसं महत्त्वाची,” मी म्हटलं.

“आणि सौजन्य?” दळवी मागून. “सौजन्य, कार्यकारी मंडळ. लाल अक्षरात.”

“काका, प्लीज!”

“प्लीज काय? आपल्या बिल्डिंगसारखी बिल्डिंग दाखवतेस, कमिटीला विचारलंस का?”

सावंत आतून आले. बिचारा गरीब माणूस. “सायले, करून टाक गं. शेजाऱ्यांशी वाकडं नको.”

पोरीने फोटो घेतले. नुसतं माझ्याकडे बघितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी कसली! मी जिन्यात येऊन सगळ्यांना अंगठा वर करून दाखवला, झालं म्हणून.

रविवारी कव्हर लागलं. चौदा बिऱ्हाडं, वॉचमन, हारातले सासरे, सौजन्य, सगळं त्यात. आठ दिवसांनी सावंत जिन्यात भेटले. तोंड उतरलेलं.

“काय हो, किती जण आले गेम बघायला?”

“तीन.”

“कोण?”

“एक मी, एक तो रोहन.”

“आणि तिसरा?”

“दळवी. स्वतःचा फोटो शोधायला आलेले. सापडला नाही म्हणे.”

मी तशीच वर गेले. सायलीने मोबाइल पुढे केला, “काकू, चष्मा लावा आणि सांगा, काय दिसतंय?”

मी डोळे ताणताणून बघितलं. “हे… हलव्याचे दाणे सांडलेत का गं?”

“तुम्ही सगळे आहात.”

“आणि हे मधलं काळं? पाण्याची टाकी?”

“दळवीकाका.”

हसूही येईना आणि रडूही. चार घरांचा रुसवा काढायला गेले आणि पोरीचा नोकरीचा जून अलीकडे ओढून बसले! मी तिचा हात धरला. “सायली, काढ ते सगळं. तुझं जे एक होतं ना, ते लाव. कोणाला काय वाटेल त्याचा विचार करू नको. कोणी तोंड वाकडं केलं तर माझ्याकडे पाठव.”

“नक्की काकू? नंतर रागावाल.”

“मी? मी कशाला रागावते? लाव बेधडक!”

दुसऱ्याच दिवशी मला कळव्याला बहिणीकडे जावं लागलं, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तिची ऊठबस करताना डोक्यात एकच भुंगा, कोण असेल? आमच्या ह्यांना फोन केला. “अहो, कव्हरवर कोणाला घेतलंय?”

“आलीस की बघ.”

फोन ठेवताना हे हसल्याचा मला भास झाला. ग्रुपवर विचारलं, तर सगळे चिडीचूप. ज्या ग्रुपवर पहाटे पाचपासून गुड मॉर्निंगची फुलं पडतात, तो ग्रुप गप्प! शिर्केवहिनींनी नुसते हात जोडलेले पाठवले. जळ्ळी मेली ती चित्रं!

पंधरा दिवसांनी परत आले तर जिन्यात सावंत आणि सायली पेढे घेऊन उभे. लोक येतायत म्हणाले, विकत घेतायत, चांगलं लिहितायत. रोज थोडे थोडे. जूनचं नाव त्यांनी सोडलेलं. आता म्हणतात दिवाळीपर्यंत बघू. मला इतका आनंद झाला, पेढा तोंडात कोंबला आणि सायलीला म्हटलं, “दाखव गं आता ते कव्हर!”

मागे दळवी, शिर्केवहिनी, आमचे हे, सगळे माझ्याकडे टक लावून.

इवलंसं चित्र. अंधारा जिना. एक दार जेमतेम किलकिलं, साखळी लावलेलीच. फटीत पिवळा उजेड, आणि त्या उजेडात बाईचा एक टपोरा डोळा, अर्धी टिकली, दाराच्या कडेला चार बोटं. वर गेमचं नाव, ठळक. चष्म्याशिवायसुद्धा सगळं लख्ख दिसत होतं.

“अगं बाई, कोण ही भोचक?” मी विचारलं.

 आमच्या ह्यांना ठसका लागला. दळवींनी जिन्याचा कठडा धरला. चित्रात खाली माझी नजर गेली, चार बोटांतल्या एकीत माझीच खड्याची अंगठी!

म्हणजे गच्चीवर ऐकलेलं सगळंच काही खरं नव्हतं. एक माणूस राहणार म्हणे! राहिलं ते अर्धंच.

मी सायलीवर डोळे वटारले. “ठेवलंस ते ठेवलंस, निदान तोंड तरी पूर्ण काढायचंस!”

“काढलं असतं काकू,” ती म्हणाली, “पण जिन्यात पाऊल वाजलं की तुम्ही दार पूर्ण कधी उघडलंय?”