जेटीपासून चाळीस पावलं

आमच्या जुव्यावरचा पहिला पदवीधर मी. खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवं म्हणतात. वीसेक घरं, एक देऊळ, चौथीपर्यंतची शाळा आणि चारी बाजूंनी पाणी. बी.ए.चा निकाल घेऊन रत्नागिरीहून आलो, तेव्हा होडीवाल्या काकांनी होडी मध्येच थांबवून गुणपत्रिका मागून घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं. ओल्या बोटांचा डाग पडू नये म्हणून कडेला धरून त्यांनी ती नीट पाहिली आणि परत देताना म्हणाले, "बरं झालं. आता कागद लिहायला पलीकडे जायला नको."

तेव्हापासून जुव्याचे सगळे कागद मी लिहितो. नोकरी पलीकडच्या हायस्कुलात क्लार्कची, आणि घरी आल्यावर दुसरी, बिनपगारी. वायरमन येत नाही, नळाला मचूळ पाणी येतं, रेशनची होडी चुकली, नर्सबाई पावसाळाभर फिरकल्या नाहीत. सगळे अर्ज माझ्या अक्षरात. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द मी माझ्या सहीपेक्षा जास्त वेळा लिहिले असतील. कंटाळा येतो, पण तो बोलून दाखवायचा धीर होत नाही. दहावीच्या परीक्षेला पाणी ओसरलेलं असायचं, तेव्हा याच काकांनी मला पाठुंगळी घेऊन चिखलातून होडीपर्यंत नेलं होतं, चिखलाच्या पायांनी पोराला पेपरला बसायला लागू नये म्हणून. अशा माणसाला 'आज नको, उद्या लिहितो' म्हणणं जमत नाही.

हा चिखल म्हणजेच आमची मुख्य अडचण. जेटी बांधली तेव्हा तिच्या टोकाशी कायम पाणी असायचं. पुढे गाळ साचत गेला. भरतीला होडी पायरीला लागते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी चाळीस पावलं मागे जातं आणि मधे गुडघाभर काळा चिखल उरतो. धडधाकट माणूस चपला हातात घेऊन चालतो. ज्याला चालता येत नाही त्याला उचलावं लागतं.

चार वर्षांपूर्वी आईची मूत्रपिंडं गेली. सोमवारी आणि गुरुवारी रत्नागिरीला डायलिसिस. हॉस्पिटलची वेळ घड्याळावर आणि खाडीची तिथीवर. दोघांचं पटेल तर शपथ. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे सकाळी निघताना चिखल, अष्टमीच्या सुमारास दुपारी परतताना चिखल. त्या दिवशी आई खुर्चीतून जायची. साधी प्लॅस्टिकची खुर्ची, दोन्ही हातांखालून बांबू बांधलेले. उचलायला काका, शेजारचे दोघे भाऊ आणि मी. मी सोडून तिघांचीही साठी उलटलेली. तरणी माणसं मुंबईला.

"चौघांच्या खांद्यावर जायची सवय आत्तापासूनच लावताय मला," आई म्हणायची.

"गप बस वैनी, हसवू नको. पाय घसरेल," काका म्हणायचे.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की रत्नागिरीत खोली घ्या, ही ओढाताण किती दिवस चालणार. आईला ते मान्य नव्हतं. "तिथे खोलीत बसून मी भिंतीशी बोलू? इथे सकाळी उठले की कोणाशी भांडायचं ते ठाऊक असतं मला." जेटी चाळीस पावलं पुढे गेली की आई मरेपर्यंत आपल्या घरी राहू शकणार होती. माझ्यापुरता सगळा प्रश्न एवढाच होता.

जेटी वाढवण्यासाठी मी बंदर खात्याकडे पहिला अर्ज केला त्याला वर्षभराने उत्तर आलं. पाहणीसाठी साहेब येतील, ग्रामस्थांनी सोयीची वेळ कळवावी. संध्याकाळी देवळात सगळे जमले. वेळ ठरवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पोरंही तोंडावर सांगतात. द्वितीयेला दुपारी दीड वाजता पूर्ण भरती.

"साहेबांना चिखलातून आणायचं काय? बूट असतात त्यांच्या पायात," थोरला शेजारी म्हणाला.

"दीडला आले की जेवूनच जातील," त्याची बायको म्हणाली.

मीही मान डोलावली. पाहुण्याला सुकतीला बोलवायचं नाही, हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही, ते अंगातच असतं. सोयरीक बघायला येणाऱ्यांनाही आम्ही तिथी पाहून बोलावतो. मी सुवाच्य अक्षरात वेळ कळवली, दुपारी दीड.

साहेब आले. पाणी पायरीला चुबकचुबक करत होतं. साहेब होडीतून पायरीवर उतरले, बुटाला थेंबही लागला नाही. शहाळं प्याले, सुरमईची आमटी जेवले आणि जेटीवर उभे राहून म्हणाले, "फार सुंदर जागा आहे तुमची." आम्ही सगळे खूश. चिखलाचं मी त्यांना सांगितलं, नाही असं नाही. त्यांनी हात वर करून 'आहे लक्षात' असं केलं. निरोप देताना काकांनी त्यांच्या पिशवीत कोकमं घातली.

अहवालाची प्रत मी शाळेच्या ऑफिसात उघडली. 'प्रत्यक्ष पाहणीवेळी जेटीस पुरेसे पाणी असल्याचे आढळून आले. सबब लांबी वाढविण्याची आवश्यकता दिसून येत नाही.' मी दाखल्यांचं रजिस्टर पुढे ओढलं आणि अहवाल त्याखाली सरकवला. साहेब खोटं काहीच लिहून गेले नव्हते. खोटं असलंच तर आमचं आदरातिथ्य होतं, आणि वेळ माझ्या अक्षरात होती.

घरी येऊन आईला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ हसली. मग म्हणाली, "एवढं शिकलास मेल्या, आणि सुकती कशी विसरलास?"

"विसरलो नाही गं. तीच तर टाळली."

"आता नको टाळू."

दुसरा अर्ज, मग स्मरणपत्र, मग आणखी एक स्मरणपत्र. दीड वर्ष गेलं. या वेळी इंजिनियर मॅडम येणार होत्या. मी देवळात कोणाला विचारलं नाही. चतुर्थी, सकाळी नऊ, पूर्ण सुकती. वेळ मीच लिहून पाठवली आणि गावात सांगितलं की वेळ ऑफिसनेच दिलीय, आपल्या हातात नाही. मी सहसा खोटं बोलत नाही. त्या आठवड्यात जेवण गोड लागलं नाही.

"काय अक्कल बघ ऑफिसची," धाकटा शेजारी म्हणाला. "नेमकी सुकती धरली. वर संकष्टी, जेवायलाही घालता येणार नाय."

"साबुदाण्याची खिचडी करू," त्याची भावजय म्हणाली.

मॅडमना आणायला मी काकांबरोबर पलीकडे गेलो. मॅडम तरुण होत्या, पायात पांढरे बूट, हातात फाइल. परतताना जेटीपासून चाळीस पावलांवर होडी टेकली. मला वाटलं, आता मॅडम समोरचा चिखल बघतील, फोटो काढतील, आणि माझं काम होईल. तेवढ्यात दोघे भाऊ चिखल तुडवत येताना दिसले. डोक्यावर आईची खुर्ची, बांबूंसकट. मी खुणेने 'नको, नको' केलं. त्यांना वाटलं मी लवकर या म्हणतोय, ते आणखी भराभर आले.

"बसा मॅडम," थोरला म्हणाला. "आमची सवयीची खुर्ची आहे."

"नाही, नाही, मी चालेन," मॅडम म्हणाल्या.

"आमच्या गावात येऊन चिखलात चालणार? मग आमी कशाला आहोत?" काका होडीतून खाली उतरलेच होते. चौथा माणूस कमी होता. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पँट दुमडून खाली उतरलो. माझीच मसलत मोडायला मीच खांदा दिला.

अर्ध्या वाटेवर काकांचा पाय मांडीपर्यंत रुतला आणि खुर्ची कलली. मॅडमनी एका हाताने फाइल छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने धाकट्या शेजाऱ्याचे केस. तो बिचारा तसाच वाकून चालत राहिला. मॅडम जेटीवर उतरल्या. बूट कोरडे होते, पण चेहरा पांढरा पडला होता. आई पायरीवर बसली होती.

"भ्यालीस ना?" आई म्हणाली. "डोळे मिटून घ्यायचे. मी तसंच करते."

"तुम्ही यातून जाता?"

"सोमवारी आणि गुरुवारी. पाणी असलं की आपल्या पायाने, नसलं की राणीसारखी."

मॅडमनी खुर्चीचे बांबू कसे बांधलेत ते वाकून पाहिलं. मग टेप काढून चिखल मोजायला लागल्या. खिचडी त्यांनी उभ्यानेच खाल्ली. परत जाताना खुर्ची नको म्हणाल्या, बूट काढून हातात घेतले आणि माझ्या दंडाला धरून चालत होडीपर्यंत गेल्या. काका मागून पुटपुटत होते की ही काय रीत झाली.

अहवाल आमच्या बाजूने गेला. तो मी तीनदा वाचला. पण अहवाल म्हणजे जेटी नव्हे, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. कडेच्या कांदळवनामुळे दुसऱ्या खात्याची परवानगी लागणार होती. ते खातं तिसऱ्याकडे बोट दाखवत होतं. मॅडमची बदली झाली. मी रजा टाकून रत्नागिरीला जायचो, बाकावर बसायचो, 'साहेब मीटिंगला गेलेत' ऐकून परत यायचो. आईचा डायलिसिस चालू असतानाच हे फेरे करायचो, म्हणजे वेगळी रजा पडत नसे.

पुढच्या एका अमावास्येला सकाळी काकांचा गुडघा चिखलातच पिरगळला. खुर्ची त्यांनी सोडली नाही. आईला होडीत बसवलं, मग होडीच्या काठाला धरून उभे राहिले ते बराच वेळ. घाम कपाळावरून नाकावर आला होता.

"काही नाय वैनी. जरा लचकलं."

आई त्यांच्याकडे बघत होती. त्या दिवशी ती हॉस्पिटलात चार तास यंत्राला जोडून घेतल्यावर बाहेर आली आणि मला म्हणाली, "खोली बघ."

"आये, जेटी होईल. वर्षभरात..."

"जेटी होईल तेव्हा होईल. भावजींचा दुसरा गुडघा शिल्लक आहे तोवर खोली बघ."

काकांना हे कळलं तेव्हा ते लंगडत घरी आले. फार लागलं होतं त्यांना, गुडघ्यापेक्षा जास्त. "आमी कधी नाय म्हटलं? कपाळाला आठी तरी घातली?"

"नाय घातलीत," आई म्हणाली, "म्हणूनच जातेय."

आम्ही द्वितीयेला, दुपारी निघालो. आई स्वतःच्या पायांनी पायरी उतरून होडीत बसली. आता हॉस्पिटलपासून दोन गल्ल्या सोडून आमची खोली आहे. शेजारी चांगले आहेत. आई त्यांच्याशी अजून भांडत नाही.

गेल्या महिन्यात बंदर खात्याकडून भरून द्यायचा एक नमुना आला. प्रस्ताव पुढे सरकलाय, तेवढ्यासाठी माहिती हवी. एक रकाना होता: 'बेटावर सध्या वास्तव्यास असलेले, उपचारासाठी नियमित प्रवास करणारे रुग्ण.' मी पेन हातात धरून बसलो. खरं लिहायचं तर शून्य. शून्यासाठी कोण जेटी बांधणार? एक लिहावं, तर आई समोर रत्नागिरीच्या खोलीत कांदा चिरत होती. एकदा वेळेबद्दल खोटं बोललो होतो, पण ते गावाशी, तोंडी. हे कागदावर होतं.

मी आईला वाचून दाखवलं.

तिने सुरी खाली ठेवली. "किती आहेत ते विचारलंय?"

"हो."

"मग शून्य लिही. आणि कोण कोण निघून गेलं ते खाली लिही."

मी शून्य लिहिलं आणि दुसरा कोरा कागद घेतला. आई सांगत गेली. थोरल्या शेजाऱ्याची सून, सातव्या महिन्यातच माहेरी पूर्णगडला गेली आणि बाळाला घेऊन तिथेच राहिली. देवळाचे पुजारी, अर्धांग झाल्यावर मुलाने मुंबईला नेले. पाचवीतली तिन्ही मुलं, पलीकडे आत्या-मावश्यांकडे. डोळ्यांचं ऑपरेशन झालेली म्हातारी, लेकीकडे दापोलीला. मला कित्येक जण आठवतच नव्हते. आपण त्यांची घरं रोज बघतो, कुलपं बघतो, आणि तरी जुव्यावर वीस घरं आहेत असंच म्हणतो. पाठपोट कागद भरला. शेवटी आई थांबली.

"माझं घातलंस?"

मी तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं, 'आठवड्यातून दोन वेळा डायलिसिस' लिहिलं, आणि कधीपासून जुवं सोडलं ती तारीख लिहिली.

दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी नमुना घेतला आणि जोडलेला कागद उलटून पाहिला. "हे काय? याला रकाना नाहीये."

"नाहीये," मी म्हणालो. "जोडून घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे, आणि टाचणी लावून दोन्ही कागदांवर शिक्का मारला. पोच घेऊन मी बाहेर आलो. गुरुवार होता, आईला घेऊन हॉस्पिटलला जायचं होतं.