राजाशिवायचे युद्ध

बुधवार, ११ नोव्हेंबर १९९८. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. ओमानच्या सलालाह शहरातील आमच्या भारतीय शाळेच्या सभागृहात मुख्याध्यापिका माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या आणि माझ्याकडे न पाहता माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे पाहत होत्या. भिंतीवर, प्रत्येक सभागृहात असते तसे, देशाच्या सुलतानांचे सोनेरी चौकटीतले छायाचित्र होते. त्याच्या बरोबर खाली माझा फलक होता. फलकावर मी एक मुकुट काढला होता आणि त्यावर लाल शाईची ठळक फुली मारली होती.

“उद्घाटन अकराला आहे,” त्या म्हणाल्या. “त्याआधी हे काढून टाक.”

राष्ट्रीय दिनानिमित्त भरणाऱ्या त्या आंतरवर्गीय प्रदर्शनाचा विषय होता ‘राष्ट्रे कशी जन्मली’. मी नववीत होते आणि अमेरिकेतील तेरा वसाहतींचे स्वातंत्र्ययुद्ध निवडले होते. निवडीमागे इतिहासप्रेम नव्हते. पहिला क्रमांक मिळवणारी एकच कलाकृती, ती करणाऱ्यासह, मस्कतच्या शाळेत जाणार होती, आणि तिथल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप आहे असे मी ऐकले होते. आमच्या प्रयोगशाळेत दोन दोलक आणि एक गंजलेला चुंबक होता. मला तो ऑसिलोस्कोप पाहायचा होता आणि तो दाखवणाऱ्या माणसांनी मला पाहावे असेही वाटत होते.

इतर मुले झेंडे आणि पुतळे करणार हे उघड होते, म्हणून मी यंत्र केले. फळीवर पारदर्शक नळीची वेटोळी गुंडाळली. वरच्या टोकाला नरसाळे, म्हणजे लंडन. खालच्या टोकाला औषधाच्या तेरा रिकाम्या बाटल्या, म्हणजे वसाहती. नळीतून पाणी संथ वाहत असे. नरसाळ्यात लाल शाईचा थेंब, म्हणजे हुकूम, टाकायचा आणि तो बाटल्यांपर्यंत पोहोचेस्तोवर खाली लावलेले घटनांचे पुठ्ठे उलटत जायचे: चहाच्या पेट्या समुद्रात, पहिली चकमक, स्वातंत्र्याचा जाहीरनामा. हुकूम पोहोचतो तेव्हा ज्या परिस्थितीसाठी तो काढला ती उरलेलीच नसते. शेवटी बाटल्यांची तोंडे एका बरणीला जोडायची. पहिली जोडणी मुद्दाम सैल ठेवली होती. ती गळत असे. युद्ध चालू असतानाच वसाहतींनी केलेली पहिली एकजूट अशीच सैल होती, तिला स्वतःचा कर गोळा करण्याचाही अधिकार नव्हता. मग घट्ट बूच, म्हणजे राज्यघटना.

नळी सलालाहमधल्याच, मूळच्या रत्नागिरीकडच्या एका काकांच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणली होती. त्यांनी ती मापताना विचारले होते, “अगो, एवढी नळी कशाला गो? नारळीला पानी घालतेस काय?”

“काका, अमेरिकेला स्वातंत्र्य मिळवून द्यायचंय.”

“बरा बरा. पन मिळालं की नळी परत आन हां.”

मुख्याध्यापिकांनी बाबांना बोलावून घेतले. बाबा वीजकेंद्रात अभियंते होते. कामाचे बूट न बदलताच ते आले. आमच्या घरी राज्यकारभाराविषयी बोलताना, अगदी प्रशंसा करतानाही, आवाज आपोआप उतरत असे. कोणी तशी ताकीद दिल्याचे मला आठवत नाही. कोणा एकाला काही बोलल्यामुळे दोन दिवसांत मायदेशी जाणाऱ्या विमानात बसवले, अशी एक कथा प्रत्येक कुटुंबाकडे होती. तो कोणा एक कोणाच्याच ओळखीचा नव्हता.

“बाबा, हा इंग्लंडचा राजा आहे. अठराव्या शतकातला.”

“गोष्ट खरी आहे,” बाबा हलक्या आवाजात म्हणाले. “भिंत चुकीची आहे.”

“मग टेबल हलवू.”

“हलवलं तर का हलवलं असं विचारतील. मुकुट काढून टाक, बेटा. मस्कतला जायचंय ना तुला?”

हा हिशेब मला पटला. मी मुकुट काढून टाकला आणि मजकूरही तपासला. अकरा वाजेपर्यंत फलकावर कर लादले जात होते, सैन्य पाठवले जात होते, बंदर बंद केले जात होते. हे सारे कोण करत होते याचा मात्र कोठेही पत्ता नव्हता.

परीक्षक म्हणून शिक्षण खात्याचे एक ओमानी अधिकारी आले. घोट्यापर्यंतचा शुभ्र दिशदाशा, डोक्याला गुंडाळलेला तपकिरी मसर, हातात त्यांचे स्वतःचे स्टॉपवॉच. त्यांनी माझा फलक शांतपणे वाचला, मग इंग्रजीत विचारले, “हे युद्ध आहे ना? समोरची बाजू कुठे आहे?”

“अंतर, सर. मुख्य कारण अंतर आहे.”

“अंतराने चहावर कर लावला?”

मागे कोणीतरी हसले. मुख्याध्यापिका म्हणाल्या की मुलीने वैज्ञानिक दृष्टिकोन घेतला आहे. बाबा बुटांकडे पाहत होते. अधिकाऱ्यांनी एकदा छायाचित्राकडे पाहिले, एकदा फलकावरच्या मुकुटाच्या आकाराच्या कोऱ्या जागेकडे, आणि त्यांच्या ध्यानात आले.

“तो राजा केव्हाच वारला,” ते म्हणाले, “आणि तो आमचा नव्हता. आपल्या गावातला फरारी असल्यासारखं का लपवता त्याला? यल्ला, चल, लिही.”

त्यांनी पेन पुढे केले. मी एका चिठ्ठीवर ‘राजा’ लिहिले आणि थांबले. सकाळची फुली मारताना न सुचलेली गोष्ट तेव्हा लक्षात आली: कर राजाने एकट्याने लावले नव्हते. ज्या संसदेत वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता तिने ते मंजूर केले होते, आणि भांडण नेमके त्यावरून पेटले होते. माझा पहिला फलकही चुकीचाच होता, फक्त अधिक धीट. मी ‘राजा आणि त्याची संसद’ असे लिहून चिठ्ठी नरसाळ्याला चिकटवली.

शाईचा थेंब अधिकाऱ्यांनी स्वतः टाकला आणि स्टॉपवॉच दाबले. थेंब दुसऱ्या वेटोळ्यापर्यंत गेला आणि थबकला. नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. पाणी जेमतेम सरकत होते. मी ठरल्याप्रमाणे पुठ्ठे उलटले. चहा बुडाला, चकमक झाली, जाहीरनामा निघाला. पुठ्ठे संपले.

“नळी हलव,” मुख्याध्यापिका कुजबुजल्या.

हलवली असती तर थेंब सुटला असता. पण मग मोजलेला काळ नळीचा राहिला नसता, माझ्या हाताचा झाला असता. मी हात मागे बांधले.

“येईल, इन्शाल्ला,” अधिकारी म्हणाले. “माझ्या कार्यालयातली पत्रंसुद्धा मस्कतला अशीच पोहोचतात.” या वेळी बाबाही हसले, नेहमीच्या आवाजात.

अखेर लाल रेघ खाली उतरली. तोवर तेराही बाटल्या बरणीला जोडून झाल्या होत्या. हुकूम एका स्वतंत्र राष्ट्रात पोहोचला. अधिकाऱ्यांनी स्टॉपवॉच थांबवून माझ्यासमोर धरले.

दुपारी निकाल लागला. मस्कतला माझे यंत्र जाणार होते. बाबांनी काकांना दुकानात फोन करून सांगितले की नळी इतक्यात परत मिळणार नाही. मी प्रयोगवही उघडली. सरावातली वाचने सगळी चाळीस सेकंदांच्या आसपासची होती. त्यांच्याखाली, बुडबुड्याची नोंद करून, शेवटचे वाचन लिहिले: १९१ सेकंद.