खरवडीचा मान

खोर्शेदबाईंशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण होतं, आणि ते मी जिंकत होते. माझ्या राईस मिलमधून गेलेलं चिन्नोर तांदळाचं पोतं त्यांनी परत पाठवलं होतं. निरोप असा की तांदूळ नवा आहे, जुना म्हणून आमच्या गळ्यात मारू नका. माझं डोकंच फिरलं. पोतं तसंच गाडीवर टाकून मी स्टेशनजवळच्या त्यांच्या हॉटेलात गेले, स्वयंपाकघरात नेऊन आपटलं आणि म्हटलं, वर्षभर कोठीत ठेवलेला तांदूळ आहे, एकदा शिजवून तर बघा. त्या स्टुलावर बसून किसलेल्या कांद्याचं पाणी पिळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नया है, चावलवाली. मेरी नाक को मत सिखा." मी तणतणत बाहेर पडले, ते उद्या येऊन उरलेलं भांडायचं ठरवूनच. दुसऱ्या दिवशी मिलवर धान उतरत असताना मेहरूचा, त्यांच्या मुलीचा फोन आला... "मावशी, मम्मा गेली." त्याच स्टुलावर, कांदे पिळता पिळताच कलल्या म्हणे. वय ऐंशीच्या पुढचं, त्यामुळे लोक 'सोनं झालं' म्हणून मोकळे झाले. मी नाही झाले. अर्धं भांडण टाकून निघून जाणं, ही काय रीत झाली?

गोंदियात इराणी कबाबाचं हॉटेल आहे, हे आमच्या जिल्ह्याबाहेर कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. खोर्शेदबाईंच्या सासऱ्यांनी ते उघडलं. मूळचे इराणचे, मुंबईत काही वर्षं, मग नागपूर, मग इथं. नवरा लवकर गेला आणि तेव्हापासून सगळा कारभार बाईंच्या हातात. खायला काय, तर बकऱ्याच्या खिम्यात कांदा आणि मीठ घालून रुंद सळईवर थापलेले कबाब, निखाऱ्यावर भाजलेला टोमॅटो, लोणी घातलेला मोकळा भात आणि वर सुमाक नावाची आंबट लाल पूड. बस्स. ग्रेव्ही नाही, चटणी नाही, लाल तर्री तर नाहीच. आता सावजी रश्श्यावर वाढलेल्या माणसांपुढं हे ठेवल्यावर काय होणार? कुणी बोटं चाटत उठायचं, कुणी ताट अर्धं टाकून. तिरोड्याच्या वीज प्रकल्पातला एक इंजिनिअर सुट्टीच्या दिवशी बायकोपोरांना घेऊन न चुकता यायचा, आणि त्याच्याच सोबतचा दुसरा म्हणाला होता की असं जेवण आमच्याकडे बाळंतिणीला देतात. देवरीकडून रायपूरला जाणारे व्यापारी बटर चिकन मागायचे आणि नाही म्हटल्यावर बाईंचं कूळ काढायचे. बाई म्हणायच्या, नाही आवडलं तर समोर चार हॉटेलं आहेत, रस्ता रुंद आहे. गोड बोलणं त्यांच्या गावीच नव्हतं. गेल्या काही वर्षांत लोक मोबाइलवर तारे देऊ लागले तेव्हा मेहरू रडकुंडीला यायची, कुणीतरी एकच तारा दिला म्हणून. बाई विचारायच्या, तो परत आला का? बरेचदा आलेला असायचा.

सगळ्यात जास्त शिव्या मात्र पडल्या त्या खरवडीपायी. पातेल्याच्या तळाला भाताचा जो सोनेरी, कडक थर धरतो, तो त्यांच्याकडे मुद्दाम धरवतात. त्याला त्या 'तहदीग' म्हणायच्या. लोणी सोडून, मंद आचेवर, राखत राखत. पातेलं परातीत उपडं करायचं, चकतीसारखा थर अख्खा सुटला पाहिजे, आणि तो पंगतीतल्या सगळ्यात मानाच्या पाहुण्यासमोर ठेवायचा. हा त्यांच्याकडचा मान. आणि आमच्या धानाच्या मुलखात? पाहुण्याला वरचा मऊ, वाफाळता भात, आणि खरवड सुनेच्या, गड्याच्या नाहीतर गोठ्यातल्या जनावराच्या वाट्याला. म्हणजे जो मान म्हणून वाढायचा, तोच इथं अपमान ठरायचा. बाईंनी समजावून सांगायचं ना? नाही. त्या म्हणायच्या, ज्याला कळत नाही त्यानं विचारावं, तोंड कशाला दिलंय.

माझं पहिलं लग्न या खरवडीनं मोडलं. मोडलं म्हणजे व्हायच्या आधीच. आम्ही पोवार, घरची राईस मिल, वडिलांची या हॉटेलशी जुनी ओळख. आमगावकडचं स्थळ आलं, मुलगा पसंत पडला, आणि शेवटची बोलणी करायला वडिलांनी मोठ्या हौसेनं सगळ्यांना इराण्याकडे जेवायला नेलं. बाईंनी मुलाच्या थोरल्या काकांचा फेटा बघितला, हाच मानाचा पाहुणा असं ठरवलं आणि अख्खी चकती त्यांच्यासमोर ठेवली. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "असा भात आमी ढोराले घालतो," ते म्हणाले. "पाहुण्याले काऊन वाढून राहिले?" वडील गयावया करू लागले. बाई पदराला हात पुशीत बाहेर आल्या. आम्हाला वाटलं, आता माफी मागतील. त्या एवढंच म्हणाल्या, "पहले पूछो, फिर चिल्लाओ." झालं. पाहुणे उठले, जीपमध्ये बसले आणि गेले. आई रात्रभर रडली. घरात जणू मीच भात जाळला होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटी हॉटेलात गेले. काय काय बोलले असेन... तुमच्यामुळं माझं वाटोळं झालं, दोन शब्द गोड बोलला असतात तर काय जीभ झडली असती, वगैरे. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग मला आत बोलावलं, स्वतःचं स्टूल दिलं आणि सळईवरून गळून पडलेले, तुटलेले कबाब एका ताटलीत घालून पुढं केले. म्हणाल्या, "जो घर एक सवाल नहीं पूछ सकता, वो तुझे क्या पूछेगा?" खरं होतं ते. पाहुणे येऊन चार वेळा जेवून गेले होते आणि मला काय हवंय, हे त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी बाहेरच्या टेबलावर कधी बसले नाही. तिथला नियमच होता, पाहुणे बाहेर, घरचे आत. पाहुण्याला अख्खे कबाब आणि तहदीग, घरच्यांना तुटके कबाब. पुढं वडिलांची मिल मी हातात घेतली, बाईंचा तांदूळ माझ्याकडूनच जाऊ लागला. एक मुलगा मला आवडला, त्याला मी मुद्दाम तिथं नेलं आणि स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिले. तहदीग समोर आली. तो म्हणाला, "हे काय असतं?" मी तिथंच हो म्हणून टाकलं. बाई मात्र म्हणाल्या, लड़का ठीक है, खाता बहुत जल्दी है. आजही तो भरभरच जेवतो.

बाईंना नागपूरला त्यांच्या आरामगाहीत, म्हणजे दफनभूमीत, ठेवून आलो. गावात मग गोड शब्दांचा पूर आला. आणि प्रत्येक गोड शब्दाच्या शेपटाला एक 'पण'. बाई चांगली होती, पण मसाला कधी टाकला नाही. बाई कष्टाळू होती, पण काळाप्रमाणं बदलली नाही. मी वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लिहिते आहे ते एवढ्याचसाठी. नाही टाकला मसाला. नाही बदलल्या. तुमच्या जिभेला रुचलं नाही, हे तुमचं मत, आणि ते तुम्ही जरूर ठेवा. त्यांना जे उत्तम येत होतं तेच त्या अखेरपर्यंत करत राहिल्या, हा काही गुन्हा नव्हे की त्याची मेल्यावर सारवासारव करावी.

खरी काळजी वेगळीच होती. रायपूरचा एकजण जागा भाड्यानं मागत होता, तंदुरी आणि चायनीज लावायला. मेहरू पन्नाशीची, लग्न केलं नाही, सगळा जन्म आईच्या हाताखाली निखारे सांभाळण्यात गेला. मला म्हणाली, लोकांशी असं तोडून बोलणं मला नाही झेपत मावशी, मी मम्मा नाही. मी मनात म्हटलं, तिचं आयुष्य, तिनं ठरवावं.

महिन्याचे विधी उरकल्यावर तिनं मला जेवायला बोलावलं. हॉटेलही त्या दिवशी उघडलं होतं, फक्त आठवडाभरासाठी, असं दाराशीच म्हणाली. मी सवयीनं आत निघाले, तर तिनं हात धरून बाहेरच्या टेबलावर बसवलं. आतून परात घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. तहदीग. अख्खी, कुठंही चीर नाही, कडेपर्यंत सोनेरी. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या वाट्याला आली होती, आणि ती का आली हे मला लगेच कळलं. मेहरू निरोप देत होती. मला, हॉटेलाला, सगळ्यालाच. मला रडू यायला हवं होतं. आला तो राग.

"उचल हे," मी म्हटलं. "मी पाहुणी आहो काय?"

मी शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. तिथं कोहमाऱ्याहून आलेला कुणी ट्रान्सपोर्टवाला ग्रेव्ही नाही म्हणून मघापासून कुरकुरत होता. मी म्हटलं, पाहुणा तो आहे, त्याला दे. मेहरूनं माझ्याकडे बघितलं, परात उचलली आणि त्याच्यासमोर नेऊन ठेवली. तो उखडलाच. जला हुआ चावल, आणि तो मला, वगैरे सुरू झालं. मेहरू एक पाऊल मागं सरली. मग तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"पहले पूछो," ती म्हणाली. "फिर चिल्लाओ."

तो माणूस चकतीवर टिचकी मारून जरा नरमाईनं म्हणाला, "अच्छा, क्या है ये?" मेहरू सांगू लागली, सांगतच राहिली. सळईवरचे कबाब तिकडे करपायला लागले तरी तिचं संपेना. आज हे लिहिताना आठवडा कधीच उलटून गेलाय आणि हॉटेल उघडंच आहे. रायपूरवाल्याला तिनं काय उत्तर दिलं, ते मी विचारलेलं नाही.

त्या दिवशी मी उठून आत गेले. स्टूल जागेवरच होतं. निखाऱ्यावरून कबाब काढले, तुटलेले ताटलीत घेतले आणि बसले. कोपऱ्यात माझं पोतं दिसलं, तेच, मी आपटलेलं. तोंड उसवलेलं आणि निम्मं रिकामं. त्यातलाच तांदूळ शिजला होता तर. नव्या तांदळाची तहदीग अख्खी सुटत नाही, पातेल्याला चिकटून तिचे तुकडे होतात, हे मला बाईंनीच शिकवलं होतं.

"तांदूळ जुनाच होता, खोर्शेदबाई," मी म्हटलं, आणि उत्तराची वाट बघत बसले.