अर्जाचा एक मुक्काम

सर गेल्याची बातमी मला कळली ती सहा आकडे ऐकून झाल्यावर. भर दुपारची वेळ होती. दुकानात एक बाई आणि तिची बारावी पास झालेली पोरगी बसली होती. आष्टी तालुक्यातल्या आमच्या तळेगावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे; प्रवेशाच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्या पोरीच्या अर्जावर मोबाइल नंबर ढोले सरांचा होता, कारण घरातला एकुलता एक फोन बाप वावरात घेऊन जातो. अशा कितीतरी पोरांच्या अर्जांवर सरांचाच नंबर आहे. ओटीपी पाठवला, सरांना फोन लावला आणि पलीकडून उचलल्याबरोबर नेहमीसारखं म्हणालो, "सर, सांगा आकडा." फोनवर सरांच्या घरच्या काकू होत्या. "थांब," म्हणाल्या आणि एकेक आकडा सावकाश वाचला. मी टाकला. अर्ज गेला, हिरवी खूण आली. मग काकू म्हणाल्या, "गेला का रे त्या पोरीचा अर्ज? … बरं झालं. सुधीर, हे गेले आत्ताच. डॉक्टर इथंच आहेत." मी फोन तसाच कानाला धरून बसलो. समोरची पोरगी विचारत होती, "झालं काय काका?" आणि मी तिला हो म्हणालो.

मला दहावीला गणित ढोले सरांनीच शिकवलं, आणि माझं गणित पाहून "तू आपला दुकान टाक" हेही त्यांनीच सांगितलं. मला तेव्हा फार राग आला होता. पुढे दुकान टाकलं तर पहिल्या दिवशी पहिली झेरॉक्स काढायला हेच हजर! रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून एक दिवस माझ्या दुकानाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. दिवस कोणता, तर बाजाराचा. त्यांचं म्हणणं असं, की शाळेत पालकसभा ठेवली की मास्तर येतात, सरपंच येतो; पालक तेवढा येत नाही. तो बाजारात असतो. मग आपणच बाजारात बसावं. तेव्हापासून दर बाजाराला सांबाराच्या हिरव्या जुड्या आणि वांगी भरलेल्या थैल्या घेऊन आईबाप ओट्यावर टेकायचे आणि सर प्रत्येकाला एकच विचारायचे, "पोरगं कोणत्या वर्गात आहे?" निम्म्या बापांना सांगता यायचं नाही. सर रागवायचे नाहीत. "घरी जाऊन विचार आणि पुढच्या बाजाराले येऊन सांग," म्हणायचे. आणि तो माणूस पुढच्या बाजाराला खरंच यायचा, शाळेतल्या पोरासारखा पाठ करून.

जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमिलेअर यांच्यासाठी बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करणारे आम्ही लोक. सरांनी नववीपासून कागद जमवायची सवय लावली. पण कागद हा त्यांच्या मते सोपा भाग होता. अवघड भाग आईबापाच्या डोक्यातला. एकदा एक जण पोराला दंडाला धरून घेऊन आला. "सर, याले डॉक्टर करा." सर म्हणाले, "त्याले विचारलं?" "त्याले काय विचारायचं सर, लहान हाय तो." सर म्हणाले, "याचं लग्न करशील तवा पोरगी पाहायले याले नेशील का नाई?" "नेईन ना! त्याच्याबिगर कसं?" "मंग कॉलेज पाहायले काऊन नाई नेत बे?" सगळा ओटा हसला. बापही हसला, पोरगं मात्र रडायला लागलं. त्याला म्हणे शिक्षक व्हायचं होतं. आता झाला आहे.

सरांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी कुणासाठी मोडला नाही. कॉलेजांचा पसंतीक्रम भरला की त्याची एक प्रिंट काढायची आणि ती घरी न्यायची. जेवणं झाल्यावर पोराने किंवा पोरीने ती सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायची. पहिली पसंती ही, काऊन. दुसरी ही, काऊन. आईने ऐकायचं, आजीने ऐकायचं, बापाने मधे बोलायचं नाही. वाचून झाल्यावर दोघांनी सही करायची, आईला सही येत नसेल तर अंगठा. आणि दुसऱ्या दिवशीच अर्ज लॉक करायचा, त्याआधी नाही. "अर्जाले एक मुक्काम घरी करू द्या," म्हणायचे. शेवटच्या तारखेला घाई करत आलेल्यांनाही हेच. लोक चिडायचे, मीही चिडायचो, गिऱ्हाईक परत जातं म्हणून. सर ढिम्म.

आता जे लिहितो आहे ते लिहिण्यासाठीच हा लेख आहे. सरांबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत.

माझी मुलगी प्राजक्ता. हायवेचं चौपदरीकरण चाललं होतं तेव्हा ती शाळेत होती. पुलाचे खांब कसे उभे राहतात ते पाहायला जायची आणि घरी येऊन डोकं खायची, बाबा आत लोखंड किती असते, बाबा पूल हलत काऊन नाई. बारावीला छान मार्क, सीईटीला छान मार्क. पसंतीक्रमात पहिलं लिहिलं अमरावतीचं सरकारी कॉलेज, सिव्हिल. नागपूरचं कॉम्प्युटर चौथ्या नंबरवर, तेही माझ्या समाधानासाठी. प्रिंट घरी आली, मुक्काम झाला. तिने वाचलं, हिने ऐकलं, मी सही केली. माझ्या हाताने केली. दुसऱ्या दिवशी सरांना काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सावंगीला जावं लागलं, मेघेंच्या सावंगीला, मोठ्या दवाखान्यात. जाताना पासवर्डची वही माझ्याजवळ दिली. तेव्हा ओटीपीचं लफडं नव्हतं, पासवर्ड टाकला की काम व्हायचं. म्हणाले, "वही तुझ्यापाशी राहू दे. पोरं येतील त्यांचा अर्ज जसा सही झाला तसाच लॉक कर. एक कानामात्रा बदलू नको." मी म्हणालो, "सर, मी काय लहान आहे का?"

त्याच दुपारी नागपूरहून मेहुण्याचा फोन आला. पोरगी सिव्हिल करून उन्हात मजुरांच्या मागे उभी राहणार का, कोण करेल तिच्याशी लग्न, इथे आमच्या घरून कॉलेज दहा मिनिटांवर आहे, कॉम्प्युटर मिळतं आहे तर नशीब समजा. मी घाबरट माणूस आहे. बोलायला तिखट, आतून घाबरट. फोन ठेवला, वही उघडली, पोरीचा पासवर्ड टाकला आणि चौथं पहिलं केलं. लॉकचं बटण दाबलं की स्क्रीनवर प्रश्न येतो, खात्री आहे का? मी हो दाबलं. पहिल्या पसंतीचं लागलं की पुढच्या फेऱ्या बंद, हे मी हजार आईबापांना समजावून सांगितलेलं होतं. मला सगळं माहीत होतं.

लिस्ट लागली तेव्हा सर अजून सावंगीलाच होते. प्राजू आधी हसली. वेबसाइट गंडली म्हणाली. मग तिने लॉक झालेल्या अर्जाची प्रिंट उघडली. "बाबा, हे चौथं होतं." तिची आई माझ्याकडे पाहत होती. आणि मी म्हणालो, अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं, "सरांनी बदललं असेल. सावंगीहून फोन आलता त्यांचा. त्यांले आपल्यापेक्षा जास्त समजते." प्राजू चपला घालून निघून गेली. दोन तासांनी परत आली. कुठे गेली होती सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्यानंतर ती सरांशी एक शब्द बोलली नाही. दुकानात सर असले की ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची. ज्या माणसाने तिला बेरीज शिकवली, त्याला ती नमस्कारसुद्धा करेना.

आणि सर? सर सावंगीहून आले, मी वही परत दिली. ती त्यांनी चाळली नाही, नुसती हातात धरून बसले. मला काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरच्या इतक्या वर्षांत कधीच नाही. फक्त पुढच्या बाजारापासून वही बंद झाली. पासवर्ड पोरांनी स्वतःजवळ ठेवायचा, कुणाला द्यायचा नाही, असा नवा नियम आला. कुणीतरी विचारलं, "सुधीरभाऊलेबी नाई?" तर सर म्हणाले, "मलेबी नाई." माझ्याकडे न पाहता म्हणाले. एवढी वर्षं माझ्या ओट्यावर बसले, माझ्याच कपातून चहा प्यायले, माझी थट्टा केली. आणि मी रोज वाट पाहायचो की आज बोलतील. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. सांगतो, मनातून मी कितीदा म्हटलं, बोला हो सर एकदाचं!

प्राजू आता पुण्यात एका कंपनीत आहे, पगार चांगला आहे. लोक माझं अभिनंदन करतात. ती दिवाळीला दोन दिवस येते. सर गेल्याचं मी तिला फोनवर सांगितलं तर "बरं," म्हणाली आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. तेरवीला मांडवात माणसं मावेनात. एका बाईने माझा हात धरला, "भाऊ, तुमी दोघायनं माया पोरीले उभं केलं." दोघायनं! मी हात सोडवून ताटं वाढायला उठलो, पण कुणाच्या ताटात काय वाढतो आहे ते मला दिसेना.

सर गेल्यापासून मी लॉकच्या बटणाला घाबरतो. खात्री आहे का, असं स्क्रीनवर आलं की ते मला सरांच्या आवाजात ऐकू येतं. मागे वळून पाहतो. ओट्यावर खुर्ची रिकामी असते, बाजार चालू असतो. गिऱ्हाईक म्हणतं, काका दाबा ना. माझं बोट उठत नाही. मग मी पोराला म्हणतो, तू दाब. हिने एकदा विचारलं, तुमचा हात दुखते का? काय सांगू तिला…

शेवटी इथपर्यंतचं लिहून काढलं, आधी हिला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि दोन दिवस बोलली नाही. मग प्राजूला फोन लावला आणि मधे थांबवू नको म्हणून सगळं वाचलं.

"प्राजू?"

"त्या दिवशी मी कुठं गेलती, माहीत आहे तुम्हाला?" ती म्हणाली. "गाड्या बदलत सावंगीला जायला निघाली होती मी, त्यांना जाब विचारायला. गाडी चुकली. मग ते आल्यावर त्यांच्या घरी गेली. तोंडावर विचारलं, सर, दुसऱ्यांच्या आईबापाले शिकवता, मग माझ्या अर्जाले हात काऊन लावला?"

"मंग?"

"म्हणाले, चूक माझी आहे बेटा. राखायले मी होतो, माझ्याच्यानं राखणं झालं नाई. मला माफ कर म्हणाले. हात जोडले त्यांनी, बाबा." मग म्हणाली, "आणि मी म्हटलं, नाई करत."

मी रडलो. ती रडली नाही. "येते मी शनिवारी," म्हणाली. "काकूंकडे जायचं आहे. आणि हे छापायला द्या. माझं नाव काढू नका त्यातून."

शनिवारी आम्ही सरांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल आहे. त्या टेबलाबद्दल मी आतापर्यंत लिहिलं नाही, कारण त्याच्याकडे पाहायचं मी टाळत आलो. टेबलावर मोठी काच आहे आणि काचेखाली पासपोर्ट फोटो, एकाला एक खेटून. अर्जाला दोन लागतात, स्टुडिओवाला आठ देतो. कॉलेज लागलं की पोरं पेढे घेऊन यायची तेव्हा उरलेल्यांतला एक सर मागून घ्यायचे. लाल फितीच्या वेण्या, नुकती फुटलेली मिशी, भावाचा उसना शर्ट. प्राजू टेबलावर वाकून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहत गेली. तिचा नव्हता.

काकूंनी ड्रॉवर उघडून एक पाकीट काढलं. "तुझा हा इथं आहे, अर्ज भरताना उरलेला. मी दहादा म्हटलं यांना, लावा. तर म्हणत, तिले न विचारता कसा लावू? रागावली आहे ती. येईल तवा विचारू."

प्राजूने फोटो हातात घेतला. अठरा वर्षांची प्राजू, केस घट्ट बांधलेले. मग ओढणीने तोंड पुसलं आणि विचारलं, "कुठं लावू काकू?"

"तुले वाटते तिथं लाव."

काच जड होती. एका हाताने उचलेना. मी चटकन उठलो, दुसरी कड धरायला हात पुढे केला.

"राहू द्या बाबा," प्राजू म्हणाली. "काकू धरतील."

काकूंनी काच धरली. मी दारापाशी जाऊन उभा राहिलो.