एकाच नावाची गाणी

ती फोनवर नमस्कार वगैरे काही म्हणत नव्हती. मी उचलला की सरळ विचारायची, "ताई, सापडलं का?"

"सापडायलंय. थांबा जरा," मी म्हणायची आणि फोन ठेवून पुन्हा दुकानात येरझाऱ्या घालायला लागायची.

ती राणीसावरगावची. म्हणजे तिथं दिलेली. माहेर जिंतूर तालुक्यात, फाट्यापासून बरंच आत असलेल्या एका गावात. दरसाल ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत तिच्या टोळीचा ट्रक निघणार होता, आणि ट्रकमध्ये चढायच्या आधी तिला एक कडवं मोबाईलवर हवं होतं. तिनं लग्नाआधी, माहेरी असताना जुळवलेलं, तिच्याच आवाजातलं. ते आमच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे, असं अप्पांनी तिला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. पूर्णा स्टेशनच्या बाजूला त्यांचं पत्रकं छापायचं दुकान आहे. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. मला 'आई'च्या आधी 'चलो' लिहिता यायला लागलं, हे ते अजून येईल त्याला कौतुकानं सांगतात. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि मागण्या जास्त होत्या. पाणी द्या, रस्ता द्या, राजीनामा द्या. जेवताना वरण वाढायला उशीर झाला तर मी आईला म्हणायची, "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल." आई म्हणायची, "छेड. ताट तुलाच धुवायचंय."

दुकान बंद झालं की अप्पा कलापथकात ढोलकी वाजवायला जायचे. पथकाचं एक लांबलचक गाणं होतं. रेशन, शाळा, दवाखाना असं एकेक करत ते पुढं सरकायचं. त्याची रीत अशी होती की शेवटचं कडवं पथकानं म्हणायचं नाही. ते त्या त्या गावानं जुळवायचं, आणि गावातल्याच कुणीतरी उभं राहून म्हणायचं. त्याला सगळे 'गावाचं कडवं' म्हणायचे. पथक दुपारीच गावात पोचायचं ते त्यासाठीच. पारावर, पिठाच्या गिरणीवर, हापशापाशी कडवं जुळत राहायचं. कधी ते फक्कड जमायचं, कधी सरपंचाचा भाचा माइक धरून स्वतःचीच आरती करायचा. अप्पांनी गावोगावचा प्रत्येक कार्यक्रम टेप केला आणि पुढं सवड मिळेल तसा दुकानातल्या कॉम्प्युटरवर चढवला.

मात्र कुठेही नाव घातलं नाही. हा अप्पांचा नियम, आणि त्यामागं एक भांडण होतं. एकदा पत्रकावर निमंत्रकांची नावं छापली. ज्याचं नाव खालच्या ओळीत गेलं तो माणूस सगळा गठ्ठा घेऊन आला आणि दुकानासमोरच्या नालीत टाकून गेला. तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक पत्रकाखाली एकच सही असते, 'आपले, समस्त गावकरी'. कॉम्प्युटरमध्येही तेच. सगळ्या गाण्यांना पथकाच्या गाण्याचं एकच नाव, आणि गायकाच्या रकान्यात समस्त गावकरी. गावाचंसुद्धा नाव नाही, कारण एक गाव दुसऱ्यापेक्षा मोठं होता कामा नये.

मला हा नियम फार आवडायचा. अजूनही माझे लेख मी नाव न घालता देते. एका अंकाच्या संपादकांनी प्रेमानं माझं नाव छापलं तर मी त्यांना इतकं तिखट पत्र लिहिलं की त्यांनी पुढचा अंकच पाठवला नाही.

आता त्या बाईचं कडवं. मोबाईलवर एका गायकाचा व्हिडिओ फिरत होता. मागं लाल-निळे दिवे, पुढं टाळ्या. त्यात तो म्हणत होता:

एस्टी आमची फाट्यावरती, गाव राहिलं आत
रस्ता गेला कागदावरनं, चिखल आला दारात

तिच्या टोळीतल्या सगळ्यांना ते पाठ झालं. ती म्हणाली, हे माझं आहे. तर सगळे हसले. जाऊ म्हणाली, "तू काय गाणारी! अंगाई म्हणलीस तर लेकरू दचकून उठतंय." नवरा म्हणाला, "उद्या म्हणशील, एस्टीबी मीच शोधली." हे सगळं तिनं मला हसत हसतच सांगितलं होतं. मग एकदम गंभीर झाली.

"ताई, सहा महिने याच लोकांत राहायचंय. एकाच तळावर, पाचटाच्या कोपीला कोपी लागून. समदे रोज हेच वाजवणार. मला खोटी म्हणून न्हाई जायचं."

मी म्हणाले, "नाही जाणार." पत्रकात लिहितात तितक्या ठासून म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात आम्ही कॉम्प्युटर बदलला होता. जुना फारच जुना झाला होता. नवा प्रिंटर त्याला ओळखत नव्हता, आणि पत्रक जुळवायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्याच्यावर चालत नव्हती. मी लॅपटॉप घेतला, सगळं नव्यानं टाकलं. गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरचीही नवी आवृत्ती आली होती. त्या आवृत्तीनं विचारलं, जुनी लायब्ररी आत घेऊ का? मी हो म्हणाले. दोन्ही मशीन वायरनं जोडून दिली आणि चहाला गेले. परत येते तर काम झालेलं. इतक्या लवकर झालं याचा मला तेव्हा आनंदच झाला.

तिचा फोन आल्यावर मी लॅपटॉपवर पथकाचं गाणं शोधलं. एक सापडलं. एकच! ते लावलं तर शेवटी सरपंचाचा भाचा.

सेटिंगमध्ये शिरले. आत घेताना सारखी गाणी गाळून टाकायची, अशी एक चौकट होती आणि तिच्यावर आधीपासूनच टिक होती. सगळ्यांचं नाव एक, गायक एक, लांबीही जवळपास सारखी. त्या सॉफ्टवेअरनं गावंच्या गावं एकसारखी ठरवली आणि त्यातलं एक ठेवून बाकीची वगळली. माझं डोकंच फिरलं. दुकानात मी एकटीच मोठमोठ्यानं बोलायला लागले. कुणी विचारलं होतं याला? सगळी गावं सारखी, सगळी माणसं सारखी, एक ठेवा म्हणजे झालं! हे तर आम्ही कचेरीच्या दारात ऐकत आलोय.

अप्पा चष्मा पुसत म्हणाले, "त्याला कशाला शिव्या देतीस? आपणच तसं लिहून ठिवलंय की."

मी अजूनच चिडले, कारण त्यांचं बरोबर होतं.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये मूळ गाणी होती. फक्त तो चालू राहत नव्हता. तापला की आपोआप बंद पडायचा. त्याची डिस्क काढून परभणीला दुरुस्तीवाल्याकडे नेली असती तर सगळं निघालं असतं, पण उद्या. ट्रक आज होता. मग आम्ही त्याचं एका बाजूचं झाकण काढलं आणि टेबलफॅन थेट त्याच्या पोटात सोडला. आम्ही दोघं घामानं निथळत होतो आणि वारा मशीनला.

आता प्रश्न होता, तिचं कोणतं? पडद्यावर एकाखाली एक तेच नाव, तोच गायक. तारखा होत्या त्याही कॉम्प्युटरवर चढवल्याच्या, कार्यक्रमाच्या नव्हेत. गावाचं कडवं शेवटी येतं, म्हणून प्रत्येक गाणं उघडायचं, शेवटाकडे सरकवायचं, ऐकायचं. तेवढ्यात मशीन बंद. पुन्हा सुरू होईपर्यंत मी दारापर्यंत जायची, स्टेशनकडचा भोंगा ऐकायची, परत यायची.

"हे बघ, हे तिचंच," अप्पा म्हणाले. "त्या गावात जनरेटर होता. ऐक, घरघर."

ऐकलं. एक म्हातारा दारूबंदीवर कडवं म्हणत होता आणि मधे मधे उचक्या देत होता.

"मग ह्ये असंल."

ते शाळेतल्या पोरींचं निघालं. पुढचं एका शिंप्याचं, तेही झकास. एरवी मी खुर्ची ओढून ऐकत बसले असते. पण त्या दिवशी प्रत्येक चांगलं कडवं मला आडवं आल्यासारखं वाटत होतं. बस, तुमचं कळलं, आता बाजूला व्हा.

फोन वाजला.

"ताई, ट्रक आलाय. भांडी चढवायलेत."

"सापडायलंय."

"सकाळपासून तेच म्हणायलाव तुमी," ती म्हणाली. मागं कुणीतरी बाईमाणूस ओरडलं, "अगं ये, गाणारीन बाई! पेटीला हात लाव." हशा पिकला. तिनं फोन ठेवला.

मग लाईट गेली.

लॅपटॉप चालू राहिला, जुनं मशीन आणि पंखा बंद. मी टेबलावर हात आपटला. अप्पा उठले आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून आणली. तो तिथून ओरडला, "अप्पा, माझी बॅटरी बसंल!" अप्पा म्हणाले, "बसू दे. उभी राहून काय करायलीय?" एवढ्यातही त्यांना विनोद सुचतो याचा मला राग आला.

मशीन सुरू झालं. मी यादीच्या तळापासून वर यायला लागले. एक उघडलं, शेवटाकडे सरकवलं. ढोलकी थांबली, माइक कुणाच्या तरी हातात जाताना खरखरला, आणि एका पोरीचा घाबरलेला, चिरका आवाज आला, "एस्टी आमची फाट्यावरती..."

अप्पांनी माझा दंड धरला.

ती पहिली ओळ म्हणून अडखळली. लोक हसले. तेवढ्यात मागून, लांबून, एक बाई जोरात ओरडली. तिनं त्या पोरीला नावानं हाक मारली होती. पूर्ण नावानं, बापाच्या नावासकट, आया चिडल्यावर मारतात तशी. "अगं, रातभर घोकलंस ना? म्हण की आता!" आणि पोरीनं एका दमात कडवं पुरं केलं.

"हे नाव कसं काय राहिलं?" मी विचारलं.

"कापणार होतो," अप्पा म्हणाले. "पण हाक कडव्याच्या मधोमध हाय. हाक कापली असती तर कडवं तुटलं असतं."

मशीन पुन्हा बंद पडायच्या आत मी ते लॅपटॉपवर ओढलं आणि तिला पाठवून दिलं. पोचल्याची खूण येईपर्यंत मी पडद्यासमोर उभीच होते. खूण आली. उत्तर आलं नाही. ट्रक निघाला असेल का? तिनं ऐकलं असेल का? मी खाली बसू शकत नव्हते.

तोवर नव्या लायब्ररीत त्या गाण्याला जागा द्यायची होती. सॉफ्टवेअर पुन्हा तेच म्हणत होतं, हे आधीच आहे. गायकाच्या रकान्यात मी कर्सर ठेवला आणि तिचं नाव लिहिलं. सॉफ्टवेअरनं ते निमूटपणे आत घेतलं.

"नियम मोडलास," अप्पा म्हणाले.

"त्या व्हिडिओवाल्याला चोर तरी कसं म्हणायचं, अप्पा? त्यानं ते कुणाकडून तरी समस्त गावकऱ्यांचं म्हणून ऐकलं असेल. नाव आपण ठेवलं नाही. त्यानं रिकामी जागा बघितली आणि बसला."

"अन् बाकीच्यांनी काय करायचं? हिचं नाव टाकलं, मग त्यो शिंपी? त्या पोरी? पुन्हा नालीत गठ्ठे पडत्याल."

"पडू देत."

"लय सोपं हाय म्हणायला," ते म्हणाले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

माझे स्वतःचे लेखही बिननावाचे होते, आणि ते तसेच राहावेत असं मला त्या क्षणीही वाटत होतं. पण मी नाव सोडलं ते माझं मी सोडलं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

फोन वाजला तेव्हा उन्हं उतरली होती. मागं ट्रकचा आवाज, वारा, भांड्यांचा खडखडाट. ती ओरडूनच बोलत होती.

"ताई! समद्यांनी ऐकलं! दोनदा लावलं!"

"काय म्हणाले?"

"नवरा गपच बसलाय. जाऊ म्हणती, आवाज तुझाच हाय, पण तुझी माय लय वरडती." ती हसली, मग फोन तोंडाजवळ धरून म्हणाली, "माय गेली ना, ताई. तिचा आवाज कुठंच नव्हता."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि दाराकडे धरला.

"अजून हायेत का तसली कडवी?" तिनं विचारलं. "वाटंनं ऐकायला पाठवा की. आमच्या तिकडच्या गावांतलं कोण कोण म्हणलंय, मी वळखीन."

अप्पा पायरीवरून उठून आत आले. त्यांनी पंख्याचं तोंड पुन्हा मशीनकडे वळवलं, स्टूल ओढलं आणि शिंप्याचं कडवं सुरुवातीपासून लावलं. डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून ते ऐकत राहिले.

"थांब," ते मला म्हणाले. "हा शिंपी जिंतुरात मशीन टाकून बसायचा. याचं नाव..."

त्यांनी नाव घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही. पण आधी त्याला इचारायचं."