इब्राहिमचा ड्रम

इब्राहिम गेल्याचं त्याच्या मुलीनं, शबानानं, फोनवर सांगितलं. रहिमतपूरहून एसटीनं माधवनगरला पोहोचेपर्यंत दफन उरकलं होतं. चाळीस वर्षांचा मित्र, आणि मूठभर माती द्यायलाही मी वेळेवर पोहोचलो नाही. त्याआधी आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललोही नव्हतो. अबोला त्यानं धरला, असं मी घरात सगळ्यांना सांगत होतो.

आम्ही एकाच गिरणीतले. मी हजेरीच्या ऑफिसात, काचेच्या आड. तो फिटर, आयुष्यभर मागांच्या खडखडाटात. गिरणी बंद पडली तसा मी गावी परतलो आणि त्यानं परसात भलतंच खूळ काढलं. बहिणीच्या सासरहून, कर्नाटकातून, कॉफीच्या हिरव्या बिया यायच्या. त्या भाजायला त्यानं स्टीलच्या डब्याला भोकं पाडून आरपार दांडा घातला, भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर जोडली आणि खाली गॅस ठेवला. हा त्याचा ‘ड्रम’ कुरकुरत फिरायचा, तो शेजारी स्टुलावर. पहिली तडतड झाली की मनात काही मोजायचा, गॅस बंद करायचा आणि बिया सुपात ओतून पाखडायचा. मी भेटायला गेल्यावर मध्येच डोकावून रंग बघू लागलो की खेकसायचा, "डोळ्यावर जाऊ नगंस गड्या, रंग फसवतोय. कानानं भाजायचं असतंय!"

पुढे पुढे तो पेचकसाचं टोक दांड्याला टेकवून मूठ कानामागे दाबून धरू लागला. गिरणीत बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात. मी म्हणालो, "डॉक्टर झालास व्हय रं?" तो नुसता हसला. मला तो फिटरचा तोरा वाटला… इतका मी हुशार!

दर महिन्याला एसटीच्या पार्सलनं त्याचा भाजलेल्या बियांचा डबा यायचा. कॉफी अशी की गावातली चहाबाज माणसं दुसरा कप मागायची. मग लागोपाठ तीन डबे जळके आले, काळेकुट्ट. मी फोन केला आणि म्हणालो, "कोळसा पाठवलास काय रं? वय झालं आता, बंद कर." तो मोठ्यानं हसला, "व्हय व्हय," म्हणाला. मीही हसलो. त्यानंतर ना डबा आला, ना फोन. एवढ्याशा थट्टेनं रुसणाऱ्याची मनधरणी मी का करावी? मी ताठ राहिलो.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेलो तेव्हा शबाना म्हणाली, "काका, अब्बांना दोन वर्सं ऐकायलाच येत न्हवतं. कुनाला सांगू नगं म्हनलं हुतं, तुमाला तर मुळीच न्हाई. फोन स्पीकरवर असायचा, मी शेजारी ऐकायची. तुमी बोललासा, ते नुसतं हसलं. मागनं मला इचारलं, काय म्हनला गं त्यो? मी जसंच्या तसं लिहून दावलं… मला काय ठावं! त्यांनी ड्रम धुतला, पोत्यात बांधला. परत सोडलाच न्हाई."

म्हणजे तो हसला तेव्हा त्याला काहीच कळलं नव्हतं. कळलं ते नंतर, पोरीच्या हातून. माझा मला इतका राग आला की तिच्यासमोर रडायलाही लाज वाटली. रागावलो त्याच्यावरही. चाळीस वर्षांत एवढं एक वाक्य त्याला मला सांगता आलं नाही?

शबानानं ते पोतं मला दिलं, सोबत त्याचा पेचकस आणि उरलेल्या हिरव्या बिया. परवा अंगणात ड्रम लावला, बिया घातल्या, पेचकसाची मूठ कानामागे दाबली. मुठीचं लाकूड त्याच्या डोक्याच्या तेलानं काळं पडलंय. तडतड सुरू झाली ती एवढ्या मोठ्यानं, थेट हाडात, की मी दचकलो. शेवटी शेवटी हेसुद्धा त्याला ऐकू येत नव्हतं… तरी दर महिन्याला माझ्यासाठी तो त्या स्टुलावर बसत होता. मी तसाच उभा राहिलो, गॅस बंद करायचं सुचलंच नाही. बिया काळ्याकुट्ट झाल्या.

टाकल्या नाहीत. त्याच्याच एका डब्यात भरून ठेवल्यात. रोज सकाळी त्यातलीच कॉफी करतो. नुसता कोळसा आहे. मुकाट्यानं पितो.