बैलाचा स्वभाव

कलेच्या इतिहासाला कलाटणी देणारी एक घटना मुंबईत नव्हे तर डोणगावात, आमच्या काकूच्या दारात घडली, हे मी पूर्ण जबाबदारीने जाहीर करतो. ओल्या गेरूचा वास आला की तो पोळा आठवतो. मुंबईत अमूर्त चित्रं काढणारा काकूचा मुलगा गावी आला होता आणि काकांनी हौसेने बैल रंगवायला त्याच्याच हवाली केला. संध्याकाळी तोरणाखालून बैल घरी आला, तर अंगभर निळे चौकोन आणि एक लांब पिवळी रेघ. पूजेचं ताट घेतलेली काकू उंबऱ्यातच थबकली. "हा कोनाचा बैल आनला रे?" बैलाने ओळखीने ताटातली पुरणपोळी ओढली, तरी तिला पटेना. "आपलाच हाय आई. म्या बैल नाही काढला, त्याचा स्वभाव काढला," असं म्हणून तो आईच्या एका चांगल्या शब्दाची वाट पाहत उभा राहिला. काका गोंधळून कधी बैलाकडे पाहत, कधी मुलाकडे. आजही त्याच्या प्रदर्शनात काही उमगलं नाही की मला काकूच दिसते. मागच्या पायांपासून सवयीने लांब राहत तिने बैलाभोवती फेरी मारली आणि विचारलं, "मंग लाथ कुठं हाय याच्यात?"